हिशेबात न येणारी मेमरी

त्या हिवाळ्यात विजयाबाईंच्या कॉम्प्युटरनं अगदी मान टाकली. मराठी मंडळाची वधूवर परिचय पुस्तिका दरवर्षी त्याच लावायच्या. मुलामुलींचे फोटो, जन्मवेळा, अपेक्षा, सगळं नीट चौकटीत बसवायचं काम. पण आता एक फोटो उघडेपर्यंत त्यांची मेथी निवडून व्हायची. 'मेमरी अपुरी आहे' अशी पाटी पडद्यावर यायची आणि सगळं जागच्या जागी गोठायचं. यंदा तर दोनदा केलेलं काम पुसलं गेलं.

"अबोली, रविवारी आली की याचं काही तरी कर माय," त्यांनी लेकीला फोनवर सांगितलं. "नाही तर मी हे डबडं भंगारवाल्याले देऊन टाकते."

मागून यज्ञेश्वररावांचा आवाज आला, "भंगारात नाही जायचं ते."

अबोली नवा रायपुरातल्या एका संस्थेत नकाशे तयार करायची आणि तिकडेच एका मैत्रिणीबरोबर फ्लॅट घेऊन राहायची. रविवारी मात्र चौबे कॉलोनीतल्या घरी यायचं, हा तिचा नेम. सिंचन खात्यातून निवृत्त झालेले वडील आणि मंडळाच्या कामात बुडालेली आई, दोघंच होती घरात. थोरला विहंग पाच वर्षांपूर्वी एका सकाळी डबा घेऊन कामावर निघाला, तो पोचलाच नाही. त्याची गाडी स्टेशनच्या स्टँडवर सापडली. फोन कायमचा बंद झाला. भांडण नव्हतं, कर्ज नव्हतं, प्रेमप्रकरण कोणाला ठाऊक नव्हतं. एका कंपनीच्या सर्व्हर रूममध्ये चांगली नोकरी होती. पहिले काही महिने यज्ञेश्वरराव पोलिसांचा फोन आला की बिलासपूरला, नागपूरला, एकदा थेट झाशीला जाऊन बेवारस माणसांचे चेहरे पाहून आले. परतल्यावर ते अंगणातल्या नळाखाली बराच वेळ हातपाय धूत राहायचे. मग फोन यायचे थांबले. घरात त्याचं नाव निघेनासं झालं.

कॉम्प्युटर मूळचा विहंगचाच. बैठकीतल्या खिडकीपाशी टेबलावर त्यानंच तो मांडून दिला होता आणि आईला मंडळाच्या लोकांशी बोलता यावं म्हणून पडद्यावर छोटा कॅमेराही बसवला होता.

रविवारी अबोली आली तेव्हा बाबा त्या टेबलापाशीच बसले होते. नागपूरचा मराठी पेपर रायपुरात उशिरा येतो. तो आला की इस्त्रीचा शर्ट घालून, दिवसभर चालूच असणाऱ्या कॉम्प्युटरकडे तोंड करून, मोठ्यानं वाचायचा अशी त्यांची सवय होती. आधी बातम्या, मग बाजारभाव, मग निधनवार्ता. विजयाबाई म्हणायच्या, कान गेले की माणूस असंच करते. अबोलीनंही कधी विचार केला नव्हता. खिडकीतून उजेड येतो म्हणून बसत असतील, इतकंच.

"बाबा, उठता का? पाहू द्या जरा."

"सांभाळून पाहा," म्हणत ते उठले, पण दूर गेले नाहीत. दिवाणाच्या कडेवर बसून राहिले.

कॉम्प्युटरमध्ये आठ जीबी मेमरी होती. अबोलीनं तो नुसता सुरू केला, काहीही उघडलं नाही, तरी सहा जीबी भरलेली दिसत होती. टास्क मॅनेजरमध्ये कोणता प्रोग्रॅम किती मेमरी घेतो याची यादी होती. तिची बेरीज काही केल्या दोनच्या पुढे जाईना. उरलेली चार जीबी कोणाच्याच नावावर नव्हती. ती कुठे गेली नव्हती, मोकळीही नव्हती. जणू कोणी तरी घरात येऊन बसलं होतं आणि हजेरीत त्याचं नावच नव्हतं.

तिनं व्हायरस शोधून पाहिला. सुरू होताना आपोआप उघडणारी नेहमीची सगळी लटांबरं बंद केली. फरक शून्य. मग वायर काढून डबाच उघडला. आत बोटभर धूळ. ब्रशनं ती झाडली, मेमरीच्या दोन्ही पट्ट्या बाहेर काढल्या, त्यांच्या पिवळ्या दातांवरून खोडरबर फिरवला आणि खट्‌ आवाज होईपर्यंत परत दाबून बसवल्या. कॉम्प्युटरनं सुरू होताना इमानदारीत आठ जीबी दाखवली. म्हणजे पट्ट्या चांगल्या होत्या. पण थोड्या वेळानं पाहावं तर पुन्हा तेच, चार जीबी गायब.

"खराब झालं का काही?" बाबांनी विचारलं.

"नाही ना. मेमरी पूर्ण आहे. कोणी तरी ती धरून बसलं आहे."

यज्ञेश्वररावांनी हातातल्या पेपरची घडी आणखी बारीक केली.

शेवटी तिनं ऑफिसमधल्या शिशिरला फोन लावला. कॉम्प्युटर बिघडले की सगळे त्यालाच बोलवायचे. शिशिरला मराठी कळायचं, पण तो उत्तर हिंदीतच द्यायचा.

"लिस्ट में नहीं दिखेगा," तो म्हणाला. "कोई ड्रायव्हर, मतलब अंदर का प्रोग्रॅम, ताला मारके बैठा है. सुन, उसमें व्हर्चुअल मशीन तो नहीं चल रही?"

"बाबा काय करतील व्हर्चुअल मशीनचं?"

"पापा ने नहीं डाली होगी. पर देख तो ले."

व्हर्चुअल मशीन म्हणजे एका कॉम्प्युटरच्या पोटात चालणारा दुसरा कॉम्प्युटर. त्याला स्वतःची मेमरी लागते, आणि ती बाहेरच्याच्या वाट्यातून जाते. पडद्यावर खिडकी न उघडता तो चालू ठेवला, तर वरून कोणाला पत्ताही लागत नाही. शिशिरनं सांगितलं तिथं अबोलीनं शोधलं, आणि तो होता. कॉम्प्युटर चालू झाला की आपणहून जागा होईल आणि कोणाला दिसणार नाही, असा लावून ठेवलेला. त्याला नाव दिलं होतं 'घर'. बनवल्याची तारीख विहंग गेला त्याच्या चार दिवस आधीची होती.

स्वयंपाकघरात मिक्सर सुरू होता. तिनं 'दाखवा' हे बटण दाबलं.

पडद्यात दुसरा पडदा उघडला. काळाभोर, ना चित्र, ना फोटो. मधोमध एकच प्रोग्रॅम चालू होता. बैठकीतला कॅमेरा आणि माइक त्याच्या ताब्यात होते. बाहेरून कोणी इंटरनेटवर ठरलेला पत्ता आणि किल्लीचे आकडे टाकून आला, की कॅमेरा उघडून खोलीतलं सगळं त्याला दाखवायचं, ऐकवायचं, तो गेला की बंद करायचं, एवढंच त्याचं काम. खाली एक ओळ होती, शेवटचा कोण कधी आला त्याची. त्यावरची तारीख जवळजवळ दोन वर्षांपूर्वीची होती. मग कोणीही नाही.

अबोलीनं मान वर करून कॅमेऱ्याकडे पाहिलं. एवढंसं काळं भिंग. याच्यासमोर ती राखी हातात घेऊन रडली होती. याच्यासमोर आईनं देवाला नाही नाही ते नवस बोलले होते. आणि तो हे सगळं पाहत होता? जिवंत होता, कुठे तरी बसून पाहत होता, आणि बाबा झाशीच्या शवागारात अनोळखी पोरांच्या तोंडावरची चादर बाजूला करत होते?

रागानं तिनं ते 'घर' बंद करण्यासाठी माउसचा बाण नेला, तोच मागून तिच्या मनगटावर हात पडला.

"नको काढू," यज्ञेश्वरराव म्हणाले.

"बाबा, तुम्हाला माहीत आहे हे काय आहे?"

"आतलं तुझं ते काही समजत नाही मले. पण दिवा माहीत आहे."

"कोणता दिवा?"

त्यांनी कॅमेऱ्याकडे बोट केलं. "त्याच्या बाजूले हिरवा दिवा आहे बारीक. पोरगा गेल्यावर दोनेक महिन्यांनी लागायला लागला. आपोआपच. आधी वाटलं, बिघडला. मग एक दिवस ध्यानात आलं. खुर्ची रिकामी असली की लगेच विझते, मी येऊन बसलो की टिकते. तेव्हा समजलं, कोणी तरी मलेच पाहून राहिलं."

"मग बोलला का नाहीत? पोलिसांना सांगायचं, मला सांगायचं…"

"अन् तो पळाला असता मग?" त्यांचा आवाज एकदम खाली आला. "रानातलं पाखरू खिडकीत येऊन बसलं तर माणूस हलते का? मी पेपर वाचायला घेतला. त्याले मराठी वाचायचा कंटाळा होता ना लहानपणी, मीच वाचून दाखवायचो. तसाच बसायचो. तो ऐकायचा."

मिक्सर थांबला तसे दोघंही गप्प झाले. तो पुन्हा सुरू झाल्यावर तिनं हळूच विचारलं, "आईला?"

"नाही सांगितलं. ती खोलीत आली की दिवा विझायचा. दरवेळी. तिच्यासमोर त्याचा टिकाव लागत नव्हता. आता हे तिले कोणत्या तोंडानं सांगू?"

दोन वर्षांत कोणी आलेलं नाही, हे बाबांना कसं सांगावं याचा अबोली विचार करत होती. पण त्यांनी स्वतःच सांगितलं. "आता नाही लागत तो. पुष्कळ दिवस झाले." थोडं थांबून ते म्हणाले, "तरी मी वाचतो. न जाणो, दिवाच गेला असंल."

अबोलीनं तो आतला कॉम्प्युटर बंद केला नाही. दुपारी ती जयस्तंभ चौकाकडच्या एका दुकानात गेली, मेमरीची मोठी पट्टी विकत घेतली आणि येऊन बसवली. आता 'घर' आपली चार जीबी घेऊन बसलं तरी आईला भरपूर उरत होती. पुस्तिकेची पानं भराभर उलटायला लागली तशा विजयाबाई खुश झाल्या.

"काय झालं होतं गं?"

"मेमरी कमी पडत होती."

"मी म्हणतच होती," त्या म्हणाल्या आणि सव्वीस वर्षांच्या एका इंजिनियर मुलाचा फोटो चौकटीत नीट बसवायला लागल्या. अबोलीला तिथं उभं राहवेना.

निघण्याआधी तिनं आतल्या पडद्यावरचा तो पत्ता आणि किल्लीचे आकडे आपल्या मोबाइलमध्ये टिपून घेतले. का घेतले, हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

मंगळवारी ऑफिसमध्ये तिच्या टेबलावर एका खोऱ्याचा नकाशा अर्धवट पडला होता. खिडकीबाहेर नवा रायपूरचा सहा पदरी रस्ता उन्हात रिकामा पसरला होता. लांबून एखादी गाडी यायची आणि निघून जायची. पेपर यायची वेळ झाली होती. चालतं तरी का पाहू, असं स्वतःला सांगत तिनं कानात इअरफोन घातले आणि पत्ता टाकला.

बैठक दिसली. थोडी वरून, थोडी वाकडी. खुर्चीत बाबा होते. निळा शर्ट, नाकावर घसरलेला चष्मा. "…गोसेखुर्दच्या कालव्याला भगदाड पडल्यामुळं…" त्यांचा आवाज आला, आणि मधेच तुटला. ते वर पाहत होते. सरळ तिच्याकडे.

तिकडे दिवा लागला असणार, हे अबोलीच्या तेव्हा ध्यानात आलं.

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मानेवरची कॉलर सारखी केली. त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज निघत नव्हता. असा त्यांचा चेहरा तिनं कधीच पाहिला नव्हता. आपण काय करून बसलो, हे तिला कळलं, आणि आता निघून जाणं त्याहून वाईट, हेही कळलं. निघाली तर दिवा विझणार होता. ती तशीच बसून राहिली.

"…शेतांमधी पाणी शिरलं," यज्ञेश्वररावांनी पुढचं वाचायला घेतलं. तेवढ्यात मागच्या दारातून विजयाबाई चहा घेऊन आल्या. बाबांनी दचकून आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग कॅमेऱ्याकडे.

"हा काय दिवा लागून राहिला इथं?" विजयाबाईंनी वाकून विचारलं. त्यांचं तोंड पडद्यावर एकदम मोठं झालं.

यज्ञेश्वरराव त्या दिव्याकडे कितीतरी वेळ पाहत राहिले. मग त्यांचे खांदे खाली आले. "अबोलीनं दुरुस्त केलं ना," ते म्हणाले, "तेव्हापासून लागते."

अर्ध्या तासानं त्यांचा फोन आला. अबोली जिन्यात येऊन उभी राहिली.

"तू होतीस ना?"

"हो." तिला रडू फुटलं. "चुकलं बाबा माझं. मला नुसतं पाहायचं होतं."

"तुझी आई आली तरी विझला नाही, तेव्हाच समजलं." मागे भांडी वाजत होती. "राग नाही आला मले. पण एक सांगू का? वाचायला बरं वाटलं आज. रिकाम्या भिंतीसमोर वाचून वाचून गळा सुकते माणसाचा."

"मग रोज येऊ का मी?"

"हव, ये," ते छत्तीसगढीत म्हणाले. 'हो' म्हणायचा हा शब्द ते फार थकले की वापरायचे.

तेव्हापासून रोज पेपरच्या वेळेला अबोली ते घर उघडायची. एकीकडे नकाशे, एका कानात बाबा. कधी मीटिंग असली तर ती आदल्या दिवशी सांगायची, आणि त्या दिवशी बाबा म्हणे मनातल्या मनात वाचायचे. ते आता बातमीच्या मधे तिच्यासाठी काहीबाही बोलायचे. गल्लीतला कुत्रा लंगडतो आहे, आईचा गुडघा दुखतो आहे, संक्रांतीला लवकर ये. विजयाबाई ऐकायच्या आणि म्हणायच्या, म्हातारा आता कॉम्प्युटरशी बोलायला लागला.

अबोलीला मात्र ते सोपं गेलं नाही. तिला स्वप्नं पडायची. स्वप्नात ती बैठकीत असायची आणि कॅमेऱ्याच्या आत कोणी तरी श्वास घेत असायचं. जागेपणीही, बाबांकडे पाहताना, आपण विहंगच्याच जागी बसलो आहोत, त्याच्याच डोळ्यांच्या भोकांतून पाहत आहोत, असं वाटून ती अस्वस्थ व्हायची. तोही असाच बसत असेल, कुठल्याशा खोलीत, कानात इअरफोन घालून. मग दोन वर्षांपूर्वी काय झालं? त्याला कंटाळा आला? की त्याचं काही बरंवाईट झालं? या प्रश्नाशी ती रोज यायची आणि तिथूनच परत फिरायची.

फेब्रुवारीत एका गुरुवारी ती नेहमीसारखी बसली होती. बाबा निधनवार्तांवर आले होते. त्यांना वाचता वाचता जरा ठसका लागला, ते पाणी पिऊ लागले, आणि तेवढ्या वेळात अबोलीची नजर सहज पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात गेली. तिथं एका डोळ्याचं बारीक चित्र होतं आणि त्याच्या शेजारी, किती जण पाहत आहेत त्याचा आकडा. तिकडे तिनं आजवर लक्षच दिलं नव्हतं, कारण तिथं कायम एक असायचा.

आज तिथं दोन होते.

तिला आधी वाटलं, आपणच चुकून दुसरीकडे उघडलं असेल. तिनं मोबाइल पाहिला. त्यावर काही चालू नव्हतं. बाकी कुठेही काही उघडं नव्हतं. आकडा दोनच होता. पत्ता आणि किल्ली तिनं कोणालाही दिली नव्हती, शिशिरलाही नाही.

बाबांना काहीच दिसत नव्हतं. दिवा तर तिच्यामुळं आधीपासूनच लागलेला होता. त्यांनी ग्लास खाली ठेवला, राहिलेल्या दोन ओळी वाचल्या, पेपर मिटला. "चला, झालं आजचं," असं म्हणून त्यांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला.

खुर्ची रिकामी झाली की तो जातो.

अबोलीनं फोन लावला. पडद्यावर बाबांच्या खिशात तो वाजला, आणि ते अर्धवट उठलेले तसेच थांबले.

"बाबा, उठू नका."

"काहून?"

"बसा. बसा आधी. वाचा अजून."

"संपला ना पेपर."

"जाहिराती वाचा. राशिभविष्य वाचा. काहीही वाचा, पण थांबू नका. बाबा, मी एकटी नाही आहे इथं."

यज्ञेश्वररावांनी फोन कानाशी तसाच धरला होता. त्यांनी भिंगाकडे पाहिलं. हळूहळू ते खुर्चीत बसले, फोन टेबलावर पालथा ठेवला आणि घडी केलेला पेपर पुन्हा उघडला. आतून विजयाबाईंनी हाक मारली, "जेवता का? पानं घेऊ?"

"तू तिकडेच थांब," ते इतक्या मोठ्यानं म्हणाले की अबोलीच्या कानात दुखलं. मग घसा खाकरून, एकेक अक्षर लावत, त्यांनी वाचायला सुरुवात केली. "विकणे आहे. सीताबर्डी येथे, दुसरा मजला, पूर्वाभिमुख, भरपूर उजेड…"

अबोलीनं केबिनचं दार लोटून घेतलं. आकड्याकडे पाहायचं नाही असं ठरवून ती बाबांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. ते वाचत होते.